आधी रेंज, मग इंच

मामांचा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत, स्टीलच्या तांब्यात उभा करून ठेवलेला असतो. खिडकीत अशासाठी की घरात रेंज धड तिथेच येते. तांब्यात अशासाठी की रिंग घुमते आणि परसदारी कपडे वाळत घालणाऱ्या मामीला ऐकू जाते. फोन वाजला की मामी तो तांब्यासकट उचलते आणि ओरडते, "अहो, पोरीचा!" मामा चष्मा शोधून येईपर्यंत कॉल कटलेला असतो.

२०२५ च्या गणपतीत देवरुखजवळच्या त्या घरी गेलो तेव्हा आरतीनंतरच्या गप्पांत हाच विषय निघाला. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना मोठा स्क्रीन हवा. न्यू जर्सीची ताई म्हणते, "मी डिसेंबरात येताना आयफोन १६ प्रो मॅक्स आणते, इकडे स्वस्त पडतो." पुण्याचा दादा म्हणतो, इथलाच सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा घेऊ. वर सिम कुठल्या कंपनीचं ठेवायचं, हा तिसरा वाद. मामा निवृत्त इतिहास-शिक्षक. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "अरे, तू टॉवरवाला ना? मग सांग आता."

टॉवरवाला म्हणजे मी टॉवर बांधले नाहीत. गाडीत लॅपटॉप, चार-पाच फोन आणि टपावर जीपीएसचा अँटेना घेऊन गावोगाव सिग्नल मोजत फिरायचं, ज्याला आमच्या धंद्यात ड्राइव्ह टेस्ट म्हणतात, ते काम मी बारा वर्षं केलं. साखरप्यापासून अंबा घाटापर्यंतचा रस्ता मला कुठल्या वळणावर कॉल तुटतो यावरून पाठ आहे. त्यामुळे मामांना पहिलं सांगितलं ते हे की फोनचं नंतर बघू. फोन दुकानातून कुठलाही उचलून आणता येतो, टॉवर घराजवळ आणता येत नाही. सव्वा लाखाचा फोन तांब्यातच उभा राहणार असेल तर त्याचा स्क्रीन मोठा असून मामी तरी काय करणार?

आता रेंज म्हणजे काय, तर रेडिओ लहरी. त्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या असतात आणि सगळा खेळ तिथे आहे. शिमग्यात पालखी येते तेव्हा आधी काय ऐकू येतं? ढोल. पालखी अजून पलीकडच्या वाडीत असते, मध्ये झाडी, घरं, एखादी टेकडी, तरी ढोलाचा ठेका पोचतो. झांजा मात्र पालखी अंगणात आल्याशिवाय नीट ऐकू येत नाहीत. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी ढोलासारख्या. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर असते. ती लांब जाते, अडथळ्याला वळसा घालते, भिंतीतूनही बरीचशी आत येते. ३,३०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ९ सेंटिमीटरची. शहरांत ५जीचा जो वेग दिसतो तो मुख्यतः हिच्यावर, पण चिऱ्याची दीड फुटी भिंत तिला जड जाते, आणि पावसाळ्यात पाणी प्यालेली भिंत त्याहून जड.

मग सगळे ७०० च का वापरत नाहीत? कारण तिथे जागा अरुंद आहे. फ्रिक्वेन्सींच्या २०२२ च्या लिलावात जिओने ७०० च्या पट्ट्यात, म्हणजे त्या आसपासच्या फ्रिक्वेन्सींत, जाण्यासाठी १० आणि येण्यासाठी १० मेगाहर्ट्झ घेतले, तर ३,३०० च्या पट्ट्यात एकेका सर्कलमध्ये, म्हणजे टेलिकॉमच्या विभागात, १०० मेगाहर्ट्झचा सलग तुकडा मिळाला. एक गावातली दूरवर जाणारी पायवाट, दुसरा आठ पदरी रस्ता, पण तो तालुक्यात यायच्या आधीच संपतो. म्हणून "५जी आहे का?" हा प्रश्न अर्धाच आहे. कुठल्या पट्ट्यावरचं ५जी, हे विचारायला हवं. फोनवर अक्षरं तीच दिसतात आणि वेगात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पावसाचंही सांगून टाकतो, कारण मामी मध्येच म्हणाली, "पाऊस लागला की रेंज जाते." जाते खरी, पण पावसाचे थेंब या लहरींना फारसे अडवत नाहीत. पावसाचा त्रास खरा होतो तो १० गिगाहर्ट्झच्या वर. दोष बहुतेक वेळा टॉवरच्या पाठीमागे असतो. टॉवरला वीज लागते. ती गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेल जनरेटर, आणि डिझेल घेऊन येणारा माणूस दरड कोसळल्यामुळे पलीकडे अडकलेला. शिवाय टॉवर पुढच्या जगाशी जोडलेला असतो फायबरने किंवा मायक्रोवेव्हच्या डिशने. रस्ता खणताना फायबर तुटतं, आणि डिशची फ्रिक्वेन्सी जास्त असल्याने तिला मुसळधार पाऊस खरोखरच लागतो. अशा वेळी फोनवर चारही दांड्या दिसतात आणि एक मेसेज जात नाही. वायरमनला फोन लावायचा तर तोही लागत नाही, ही गंमत वेगळीच.

कंपन्यांबद्दल लोक मला सरळ "कुठली चांगली?" असं विचारतात. याला उत्तर नाही. कुठे, ते सांगा. मुंबई, नवी मुंबई, ठाणे-कल्याण हा भाग टेलिकॉमच्या हिशेबात वेगळं सर्कल आहे, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. दोन्हीकडे कंपन्यांकडे असलेले पट्टे वेगळे, टॉवरांची दाटी वेगळी. तेव्हा दादरच्या भाच्याचं सिम धो धो चालतं, यावरून संगमेश्वर तालुक्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

तरी स्वभाव सांगता येतात. जिओकडे २जी-३जी कधीच नव्हतं. साधा कॉलसुद्धा ४जी किंवा ५जीवरूनच जातो. ८५० मेगाहर्ट्झवर ४जी आणि ७०० वर ५जी असल्याने खेड्यात, टॉवर असेल तिथे, आतपर्यंत पोचण्याची शक्यता बरी. त्यांचं ५जी स्वतःच्या पायावर उभं आहे. एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या खांद्यावर बसलेल्या ५जीने, म्हणजे फोनला दोन्ही एकदम धरावी लागतात. ७०० चा पट्टा त्यांनी घेतला नाही, पण २जी चालू ठेवलंय, त्यामुळे जुना बटणांचा फोन अडीनडीला चालतो. व्होडाफोन आयडियाचं ५जी उशिरा, मार्च २०२५ मध्ये मुंबईपासून सुरू झालं. आपल्या सर्कलमध्ये आयडियाचा जुना जोर होता, त्यामुळे कुठेकुठे ४जी अजून उत्तम आहे आणि पुढच्या गावात काहीच नाही. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी त्या गणपतीनंतर महिन्याभरात, २७ सप्टेंबर २०२५ ला, ९७,५०० टॉवरांसह देशाला अर्पण झालं. टाटा आणि तेजस या कंपन्या आणि सरकारी सी-डॉट यांनी मिळून बनवलेलं. ज्या दरीखोऱ्यांत बाकी कोणी गेलं नाही तिथे बीएसएनएल असतं, हे मी गाडीत बसून अनेकदा पाहिलंय. मात्र वेगाची अपेक्षा घेऊन तिकडे जाऊ नये.

हे सगळं वाचूनही निर्णय घ्यायचा नसतो. मोजायचं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांच्या नियमानुसार कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा ठेवावा लागतो. तो बघा, पण नकाशा अंगणापर्यंतचा असतो, माजघराचा नसतो.

आणि दांड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, त्याचा सर्वमान्य नियम नाही. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककात, असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या पानात सिमच्या स्थितीखाली तो सापडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की एक रुक्ष पान उघडतं, त्यात असतो. आकडा उणे असतो, म्हणून थंडीच्या तापमानासारखा वाचायचा: उणे ८० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११० ला कुरकुर सुरू, उणे १२० ला राम म्हणा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. इथे दहाचा फरक म्हणजे दहा टक्के नव्हे. उणे ९५ आणि उणे १०५ मध्ये सिग्नल एकदशांश होतो.

मामांकडे आम्ही तीन सिमं गोळा केली. एक त्यांचं, एक माझं, एक शेजारच्या बंड्याचं. एकाच फोनमध्ये ती आलटून पालटून घातली, कारण वेगवेगळ्या फोनांनी मोजलं तर फोनाफोनातला फरकही त्यात मिसळतो. ओटी, माजघर, मामांची खाट, स्वयंपाकघर, विहिरीचा काठ अशा पाच जागा. मामी वहीत आकडे लिहीत होती. एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊला, कारण रात्री सगळं गाव व्हिडिओ बघत असतं. तेव्हा सिग्नल तितकाच असतो आणि वेग बसतो. कुठलं सिम जिंकलं ते मुद्दाम लिहीत नाही, तुमच्या घरी निकाल उलटा लागेल. एवढं सांगतो की मामा सात वर्षं ज्या कंपनीचे पैसे भरत होते ती खाटेपाशी उणे ११८ होती आणि बंड्याचं सिम त्याच खाटेवर उणे १०१.

मग मी फोन तांब्यात घातला. उणे १०१ चे उणे १०९ झाले. बाहेर काढला, परत १०१. धातू लहरींना आत येऊ देत नाही. तांब्याचं तोंड उघडं म्हणून थोडंफार शिरत होतं इतकंच. मामी माझ्याकडे असं बघत राहिली की जणू सात वर्षांचा दोष मी तिच्या माथी मारतोय.

मोजण्यामागे आणखी एक कारण आहे, जे दुकानात कोणी सांगत नाही. टॉवर मोठ्या आवाजात बोलतो, त्याची ताकद दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त. फोन ४जीवर साधारण पाव वॅटहून कमी, २०० मिलिवॅटपर्यंत ओरडू शकतो. म्हणून कडेच्या जागी तुम्हाला टॉवरचं ऐकू येतं, दांड्या दिसतात, पण तुमचं त्याला ऐकू जात नाही. "मला ऐकू येतंय गं, तुला येतंय का?" हे संभाषण त्यातूनच जन्मतं. आणि फोन दिवसभर घसा ताणून ओरडत राहिला की बॅटरी संध्याकाळी चारला संपते. लोक मग मोठ्या बॅटरीचा फोन घेतात. खरं तर सिम बदलायला हवं असतं.

घरात फायबरचं इंटरनेट असेल तर चिऱ्याच्या भिंतीवर उतारा आहे: वायफाय कॉलिंग. एअरटेल आणि जिओ दोघांनी ते २०१९-२० च्या हिवाळ्यात आणलं. सेटिंग्जमध्ये एक बटण चालू केलं की नेहमीच्याच नंबरवरचा साधा कॉल राउटरमधून जातो, वेगळं ॲप लागत नाही. मामांकडे केबलवाल्याचं कनेक्शन होतंच, बटण बंद होतं. दोन सावधगिऱ्या: वीज गेली की राउटर झोपतो, म्हणून त्याला छोटा बॅकअप जोडा. आणि बँकेचा ओटीपी वायफायवरून येईलच असं धरून चालू नका.

आता फोन.

मोठा स्क्रीन म्हटलं की सगळे इंच विचारतात. ताईचा आयफोन आणि दादाचा अल्ट्रा, दोन्ही ६.९ इंची. पण इंच मोजतात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके, आणि हात धरतो आडवा. २०११ साली सॅमसंगने पहिला गॅलेक्सी नोट काढला तेव्हा ५.३ इंची स्क्रीन बघून लोक हसले होते, पाटी कानाला लावल्यासारखं दिसतं म्हणून. त्याची रुंदी होती ८३ मिलिमीटर. २०१४ चा आयफोन ६ प्लस ५.५ इंची, रुंदी ७७.८. आणि हे ६.९ इंची दोघेही रुंदीला ७७.६! इंच वाढले ते फोन उंच झाला आणि कडेच्या काळ्या पट्ट्या गेल्या म्हणून. त्यामुळे मराठी मजकुराची ओळ पूर्वीपेक्षा थोडीच रुंद झालीय, ओळींची संख्या मात्र बरीच वाढलीय. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला याचा फायदा आहे. अक्षर मोठं करायचं असेल तर ते सेटिंगमध्ये होतं, आणि दोन्हींत ते नीट होतं.

खरा फरक वजनात पडलाय. आयफोन ६ प्लस १७२ ग्रॅमचा होता, १६ प्रो मॅक्स २२७. म्हणजे दहा वर्षांत फोनला एक अंडं चिकटलं. अल्ट्रा २१८ ग्रॅम. दोघांत नऊ ग्रॅमचा फरक, तो हाताला कळायचाही नाही, पण कव्हर घातलं की दोन्ही पाव किलोला टेकतात. आपण फोन धरतो तो करंगळीवर टेकवून. अडुसष्टाव्या वर्षी, अंगठ्याचा सांधा दुखत असताना, पाव किलो करंगळीवर अर्धा तास ठेवून बघा.

आम्ही बघितलं. गणपतीच्या मखराचा पुठ्ठा उरला होता. त्याचा १६३ बाय ७७ मिलिमीटरचा तुकडा कापला, तसे चार थर चिकटवले, मामीच्या वाणसामानाच्या तराजूत घालून मध्ये खिळे भरत भरत सव्वादोनशे ग्रॅम केलं. मामा तो पुठ्ठा हातात धरून खाटेवर पडले आणि वर बघत राहिले, वाचल्यासारखे. पाचव्या मिनिटाला पुठ्ठा नाकावर आला. "उशीला टेकवून वाचीन," म्हणाले. म्हणजे मोठा फोन नको असं ते म्हणाले नाहीत, स्टँड हवा एवढं ठरलं. शंभर-दीडशे रुपयांचा घडीचा स्टँड. दुकानात फोन दोन मिनिटं हातात घेतला की सगळेच आवडतात. पुठ्ठा फुकट असतो, दोन दिवस वापरता येतो.

ताईच्या आयफोनचं गणित वरवर सरळ. अमेरिकेत तेव्हा किंमत होती १,१९९ डॉलर, न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर धरूनही इथल्या तेव्हाच्या १,४४,९०० रुपयांपेक्षा बरीच कमी. पण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ च्या मालिकेपासून, म्हणजे २०२२ पासून, सिमचा खणच नाही. फक्त ई-सिम. इथल्या आयफोन १६ प्रो मॅक्समध्ये एक खण आणि ई-सिम दोन्ही आहेत. नाव एक, डबा एक, फोन वेगळा. ई-सिम म्हणजे सिमकार्डाची माहिती फोनच्या आतच एका चिपवर उतरवून घेणं. जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया तिघेही ते देतात, आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला काही अडत नाही. सिम चोराला काढून फेकता येत नाही हा फायदाच आहे.

मामांचं चित्र वेगळं. फोन विहिरीत पडला तर आज ते सिम काढतात, किंवा निदान नवं कार्ड घेऊन बंड्याच्या जुन्या फोनमध्ये घालतात, आणि पेन्शनच्या बँकेचा ओटीपी येतो. ई-सिम असेल तर ते पुन्हा उतरवायला ई-सिमचा दुसरा फोन हवा, इंटरनेट हवं, कंपनीचे मेसेज-ईमेल सांभाळायला हवेत. कंपनीच्या देवरुखच्या गॅलरीपर्यंत एसटीने जायचं ते वेगळंच. आमच्याच नात्यात एकांचा नंबर असा चार दिवस हवेत लटकला होता. गॅलरीतला मुलगा म्हणे ॲपवरून करा, ॲप म्हणे ओटीपी टाका, आणि ओटीपी ज्या नंबरवर येणार तोच बंद. फोनमध्ये कितीही टायटॅनियम असलं तरी यातून सुटका नाही.

आणखी दोन गोष्टी ताईला फोनवर सांगितल्या. तिकडच्या टेलिकॉम कंपनीकडून हप्त्याने घेतलेला फोन पैसे फिटेपर्यंत बहुधा त्याच कंपनीला बांधलेला असतो, इथलं सिम तो घेत नाही. तेव्हा अनलॉक्डच घ्यायचा आणि सेटिंग्ज, जनरल, अबाउट यात कॅरिअर लॉकपुढे सिमचं बंधन नाही असं दिसतंय का ते बघायचं. आणि बनावट वेगळी असल्याने दुरुस्तीचा सुटा भाग इथे मिळेल का, हे घेण्याआधी विचारायचं. फुटल्यावर विचारून उपयोग नाही. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे मी फक्त चॉकलेटंच आणायची?"

सॅमसंगच्या बाजूने दोन खण आहेत. एकात बंड्याच्या कंपनीचं, दुसऱ्यात बीएसएनएलचं दुसरं स्वस्त सिम, अडीनडीला. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएसचे, डेटा नसलेले प्लॅन ठेवायला लावले, त्यामुळे दुसरं सिम जिवंत ठेवणं थोडं हलकं झालंय. रिचार्जचं बोलतोच आहे तर: २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. आणि जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओ-एअरटेलवर अमर्याद ५जी हवं तर रोज २ जीबी किंवा वरचा प्लॅन लागू लागला. ज्याच्या घरी फायबर आहे आणि गावात ५जी नाही, त्याने तो घ्यायचं कारण काय? मामा घेत होते. दुकानदाराने सांगितलं म्हणून.

कॅमेऱ्यावर फार वेळ घालवणार नाही, पण मामांचा एक उद्योग आहे. गावातल्या जुन्या कुटुंबांकडचे मोडी कागद ते फोटो काढून घरी आणतात आणि बोटांनी मोठे करत वाचतात. मोडीत लेखणी न उचलता लिहिलेलं, एखादी वेलांटी पुसट असेल तर नावाचा पत्ता बदलतो. त्यामुळे ते २०० मेगापिक्सेल ऐकून खूश होते. अल्ट्रा नेहमीच्या वेळी सोळा-सोळा ठिपक्यांचा एक करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो, म्हणजे अंधारात दाणे कमी येतात. पूर्ण २०० हवे तर मुद्दाम निवडावे लागतात आणि तेव्हा प्रकाश भरपूर हवा. आयफोनचे ४८ काही कमी नाहीत. कागदासाठी दोन्ही पुरून उरतात. मामांचे फोटो गढूळ यायचे त्याचं कारण भलतंच निघालं: ते कागद व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून साठवत होते आणि व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो. यासाठी नवा फोन लागत नाही.

दुसरी गोष्ट काचेची, आणि माझ्या मते मामांसाठी तीच मोठी. एस२५ अल्ट्राच्या काचेवर परावर्तन कमी करणारा थर आहे. ओटीवर दुपारी बसलं की आयफोन १६ च्या काळ्या पानावर आधी आपलं टक्कल आणि पाठीमागची माडं दिसतात, मग बातमी. अल्ट्रावर ते खूपच फिकं होतं. मोतीबिंदूनंतर डोळ्यांना चकाकी टोचते, हे ज्याला होतं त्यालाच कळतं. पेनाचं मात्र मला फारसं कौतुक नव्हतं. मामांनी दादाच्या मित्राच्या अल्ट्रावर पेन काढून फोटोतल्या एका मोडी अक्षराभोवती गोल केला, शेजारी बाळबोधमध्ये "भाऊसाहेब?" लिहिलं आणि पेन परत द्यायलाच तयार होईनात. तिथे माझं मत कोणी विचारलं नाही.

आयुष्याचं म्हणाल तर सॅमसंगने या मालिकेला सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलंय. ॲपल असा आकडा पुढे करत नाही, पण २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चं आयओएस १८ मिळालं होतं, तेव्हा तिकडेही काळजी नाही. ज्यांच्या घरात सगळ्यांकडे आयफोन आहेत, फेसटाइमवर नातवंडं आहेत, त्यांनी तिकडेच राहावं. मी मामांना दिलेलं उत्तर मामांचं आहे.

सिमचं काम आधी उरकलं. जुन्या सिमवरून १९०० ला मेसेज: इंग्रजीत पोर्ट, मोकळी जागा, दहा आकडी नंबर. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. नव्या कंपनीच्या दुकानात आधार आणि कोड द्यायचा. एकाच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. म्हणजे मुंबईचा नंबर देवरुखात आणणं हेही "दुसरं सर्कल" बरं का. जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत आणि नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. मधल्या काळात जुन्या कंपनीच्या माणसांचे फोन येतात, आवाज एकदम मऊ झालेला असतो, ऑफर मिळतात. मामांना असे तीन आले. तिसऱ्याला त्यांनी खाटेवरचा आकडा वाचून दाखवला, उणे ११८, आणि याबद्दल आपलं काय म्हणणं आहे असं विचारलं. पलीकडून उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, कारण मामा बोलता बोलता खिडकीपासून दोन पावलं आत सरकले होते.

फोन, म्हणजे अल्ट्रा, दिवाळीच्या आधी आला. खोक्यात चार्जर नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, हे दादा सांगायला विसरला. नवा फोन हातात आल्यावर *#०६# डायल करून आलेला पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, खोक्यावरच्याशी ताडून बघितला आणि केवायएम लिहून तो आकडा १४४२२ वर पाठवला. फोन खरा आहे की कुठे चोरीला गेलेला, ते सरकारच्या नोंदीतून कळतं. मामीने स्टँड माजघरात ठेवला. तांब्या घासून देवापाशी गेला, आणि मामी आता तक्रार करते की परसदारी रिंगच ऐकू येत नाही. यावर मी ब्लूटूथचा छोटा स्पीकर सुचवला आहे.